उघडी राहिलेली फाईल : परळच्या एसीटी क्लिनिकची वाटचाल

सालेकसा तालुक्यातल्या एका घरी लोखंडी पेटीत, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या खाली, राइस मिलची छापील पिशवी होती. पिशवीत टाटा हॉस्पिटलची फाईल. कोपरे उंदरांनी कुरतडलेले, पावत्यांवरची शाई उडालेली, मधली दोन पानं ओल लागून एकमेकांना चिकटलेली. ज्याची फाईल तो मुलगा लहानपणी रक्ताच्या कॅन्सरमधून बरा झालेला, आता सव्वीस वर्षांचा. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकला की त्याला धाप लागत होती. एका दवाखान्यात दम्याचा पंप दिला, दुसऱ्या ठिकाणी अशक्तपणाच्या गोळ्या. लहानपणी काय झालं होतं हे कोणी विचारलं नाही आणि घरच्यांनीही सांगितलं नाही. मी फाईल मागितली तेव्हा त्याची आई म्हणाली, "पोरगा बरा झाला म्हणून डाक्टरनं सांगतलं. मंग आता ह्या कागदाचं काय काम, गुरुजी?"

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांचे 'टाटा'चे कागद लावून देतो, म्हणून तिनं मला विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे आजार संपला की कागद संपतो. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मात्र एक विभाग असा आहे, जो आजार संपल्यावर सुरू होतो. गोंदियात निघणाऱ्या या स्मरणिकेत हजार किलोमीटरवरच्या त्या विभागाचा इतिहास का, असं कोणी विचारील. तर आपल्या जिल्ह्यातून विदर्भ एक्स्प्रेसनं दुपारी निघून सकाळी दादरला उतरणाऱ्या मुलांपैकी जी बरी होऊन परतली ती आपल्याला दिसतात. परतल्यावर त्यांचं पुढं काय झालं, याची चिंता पद्धतशीरपणे करणारं देशातलं पहिलं ठिकाण ते आहे, म्हणून.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांनिशी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावच्या न्यासानं हे रुग्णालय उभं केलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. हा भाग पुष्कळ ठिकाणी छापून आला आहे, इथे एवढाच पुरे. आपल्या विषयाला खरी सुरुवात होते ती १९८० नंतर.

त्याआधी रक्ताचा कॅन्सर झालेलं मूल वाचणं हा अपवाद होता. मूलच वाचत नसेल, तर वीस वर्षांनंतर त्याच्या हृदयाचं काय होईल हा विचार कोण करणार? १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटामध्ये देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. स्वतः लहानपणापासून पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असलेल्या या डॉक्टरांनी एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. १९८४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्यानं 'एमसीपी ८४१' नावाची उपचारपद्धती मुंबईत, आणि तशीच चेन्नई व दिल्लीतही, वापरात आली. औषधं कोणती, कोणत्या क्रमानं, किती दिवसांच्या अंतरानं, हे ठरवून घेतलेलं वेळापत्रक होतं ते. भारतातल्या मुलांची उपासमार, त्यांना होणारे संसर्ग, पालकांचा खिसा हे सगळं धरून बसवलेलं. त्यानं पुष्कळ मुलं वाचली. १९९० च्या सुमारास टाटाच्या बाहेर, शाळेत जाणारी, सायकल चालवणारी, दहावीला बसणारी अशी मुलं होती ज्यांच्या फायलीवर काही वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर लिहिलेलं होतं.

पण त्या वेळापत्रकात मेंदूला शेक, म्हणजे किरणोपचार, देणं होतं. कॅन्सरच्या पेशी मेंदूत दडू नयेत म्हणून ते तेव्हा अटळ होतं. लाल रंगाची सलाईन होती, जिला वॉर्डात सगळे 'लाल औषध' म्हणतात. पाठीच्या मणक्यातून दिलेली इंजेक्शनं होती, महिनोन्महिने स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, आणि वारंवार चढवलेलं दुसऱ्याचं रक्त होतं. यातल्या प्रत्येक गोष्टीनं मुलाला वाचवलं. यातली प्रत्येक गोष्ट शरीरात आपली खूणही ठेवून गेली. ती खूण कधी पाच वर्षांनी दिसते, कधी पंचवीस वर्षांनी.

अमेरिकेतले बालकर्करोगतज्ज्ञ ज्युलिओ डँजिओ यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मुलाच्या कॅन्सरमध्ये नुसतं बरं करणं पुरेसं नाही. श्रीमंत देशांत त्यानंतर हळूहळू पाठपुराव्याची केंद्रं निघाली. आपल्याकडे मात्र तेव्हा नव्या रुग्णाला खाट मिळणं मुश्कील होतं. रांगेत मरणाच्या दारात उभी मुलं असताना, बऱ्या झालेल्या मुलांसाठी डॉक्टरांचा वेळ काढायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांचं मला मोठं अप्रूप वाटतं. टाटाच्या बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये हे क्लिनिक सुरू केलं. नाव ठेवलं 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट', म्हणजे उपचार पूर्ण झाल्यानंतरचा दवाखाना. आद्याक्षरं जोडून एसीटी. नियम सोपा होता. उपचार संपून दोन वर्षं आजार परतला नाही की मुलाची नोंद नेहमीच्या ओपीडीतून निघायची आणि या क्लिनिकमध्ये यायची.

हे निघणं वाटतं तेवढं साधं नाही. ज्या ओपीडीत पालकांनी वर्षानुवर्षं काढली, जिथे शेजारच्या बाकावरचं मूल पुढच्या वेळी आलेलं नसतं आणि का आलं नाही हे विचारायची हिंमत होत नाही, तिथून उठून वेगळ्या रांगेत बसायचं. या रांगेतली सगळी मुलं बरी झालेली. पहिल्यांदा येणाऱ्या आईबापाला तिथे मिशा फुटलेला मुलगा दिसतो, साडी नेसलेली मुलगी दिसते. आपलंही मूल एवढं मोठं होईल, हे त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. औषधाच्या यादीत हे कुठेच नसतं.

तिथे तपासतात काय, हे सविस्तर सांगायला हवं. कारण तपासण्या साध्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक आता आपल्याकडेही होऊ शकतात.

उंची आणि वजन आधी. मेंदूला शेक मिळालेल्या मुलाची वाढ खुंटू शकते, किंवा वजन भलतंच वाढू शकतं, कारण वाढीची सूत्रं हलवणारी ग्रंथी मेंदूच्या तळाशीच असते. वयात येण्याच्या खुणा वेळेवर येताहेत का, फार लवकर येताहेत का, हेही बघतात. मुलगी अकरा वर्षांची झाली, पाळी सुरू झाली, नंतर थांबली, हे आईनं लाजेनं सांगितलं नाही तर उपचाराची वेळ निघून जाते. मानेला शेक मिळाला असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी. ती ग्रंथी दहा-पंधरा वर्षांनीही मंदावते. माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, केस गळतात आणि घरचे म्हणतात आळशी झाला. रोजची एक गोळी त्यावर पुरते.

लाल औषधाचा हिशेब वेगळा. ते आयुष्यभरात एकूण किती मिळालं यावर हृदयाचा धोका ठरतो. छातीच्या शेकाची त्यात भर पडते. हृदयाचे स्नायू हळूहळू कमकुवत होतात आणि माणसाला वर्षानुवर्षं कळत नाही. बाई गरोदर राहिली, किंवा कोणी जड मजुरीला लागला, की तेव्हा हृदय उघडं पडतं. म्हणून टू-डी इको ठरावीक वर्षांनी करायचाच, त्रास असो वा नसो. लवकर कळलं तर गोळ्यांनी हृदय सांभाळता येतं. आमच्या सालेकसाच्या मुलाला हेच झालं होतं. चिकटलेली ती दोन पानं वाफेवर धरून सोडवली, तेव्हा आत लाल औषधाचा एकूण आकडा लिहिलेला सापडला. नागपूरला इको केला आणि धापेचं कारण कळलं. दम्याचा पंप त्याच दिवशी बंद झाला.

आणखी किती गोष्टी सांगाव्यात. सिस्प्लॅटिन मिळालेल्यांच्या कानाची तपासणी करावी लागते, कारण आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात आणि वर्गात मागच्या बाकावरचं मूल 'ढ' ठरतं. ब्लिओमायसिन मिळालेल्यांची फुप्फुसं, इफोस्फमाइड मिळालेल्यांचं मूत्रपिंड, स्टिरॉइड मिळालेल्यांच्या खुब्याचं हाड. ज्या मुलींच्या छातीला लहानपणी शेक मिळाला त्यांची स्तनतपासणी इतर बायकांपेक्षा फार आधी, पंचविशीतच, सुरू करायची असते. दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर होण्याचा धोका या मुलांना इतरांपेक्षा जास्त, म्हणून तंबाखूपासून लांब राहण्याची ताकीद इथे दरवेळी मिळते. आपल्या भागात, जिथे चौकाचौकांत खर्रा घोटून मिळतो, ही ताकीद दरवेळी देण्यासारखीच आहे.

रक्ताचा प्रश्न मात्र थांबून सांगावा असा आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत वाचलेल्या मुलांना अनेकदा रक्त चढवलं गेलं. हिपॅटायटिस सी-ची चाचणी आपल्या रक्तपेढ्यांत बंधनकारक झाली ती २००१ मध्ये. त्याआधी मिळालेल्या रक्तातून कावीळ 'बी' किंवा 'सी'चा विषाणू आला असेल तर तो यकृतात गुपचूप बसून राहतो. कॅन्सरमधून सुटलेलं मूल तिशीत यकृताच्या आजारानं जावं, याहून अन्याय काय असेल? म्हणून या क्लिनिकमध्ये रक्तातल्या विषाणूंची तपासणी हा पाठपुराव्याचा भाग झाला. आता हिपॅटायटिस सी काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तो उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत आहे. पण आधी तपासणी झाली पाहिजे, आणि तपासणी करा असं कोणीतरी सांगितलं पाहिजे.

शरीराइतकंच काम मनाचं आणि संसाराचं आहे, आणि वर्षं गेली तसं ते वाढत गेलं. शाळेत दोन वर्षं बुडालेलं मूल आपल्यापेक्षा लहान मुलांसोबत बसतं. मेंदूला शेक मिळालेल्या काहींना गणित जड जातं, लक्षात राहत नाही. शिक्षक म्हणून मला हे वाचताना लाज वाटली. माझ्या वर्गात असं मूल असतं तर मी त्याला 'अभ्यास करत नाही' म्हणालो असतो. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत जुना आजार निघाला की पुढं काय? लग्न ठरताना सांगायचं की लपवायचं? मुलीच्या बाबतीत तर घरचे कागदच जाळून टाकतात, मागं काही पुरावा नको म्हणून. त्या कागदासोबत तिच्या हृदयाचा, थायरॉइडचा, गरोदरपणातल्या काळजीचा सगळा पत्ता जळतो. क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या बरोबरीनं मानसोपचाराची आणि समाजसेवेची माणसं का लागतात, हे यावरून समजावं.

या मुलांतलीच काही मोठी झाली आणि २००९ मध्ये त्यांनी 'उगम' हा गट स्थापन केला. भारतीय कर्करोग संस्था, म्हणजे इंडियन कॅन्सर सोसायटी, त्यांच्या पाठीशी उभी राहिली. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये सुरू केलेली ही संस्था तोवर प्रामुख्यानं कॅन्सरची लवकर तपासणी, नोंदणी आणि गरजूंना मदत ही कामं करत होती. 'उगम'मध्ये बरी झालेली मुलंच बऱ्या झालेल्यांसाठी काम करतात. वॉर्डात जाऊन केस गळालेल्या मुलाशेजारी बसून "मीपण इथेच होतो" एवढं म्हणणं, यासारखं काम कुठला पदवीधर करू शकणार? आपण वैनगंगेच्या काठची माणसं. तिचा उगम सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावी आहे आणि तिथे ती एवढीशी धार आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्यांना माहीत, मला मात्र तीच धार आठवते.

क्लिनिकचा एक निर्णय मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मूल अठरा वर्षांचं झालं म्हणून त्याला बाहेर काढायचं नाही, पाठपुरावा जन्मभराचा. पुष्कळ ठिकाणी बालरोग विभाग अठराव्या वर्षी हात सोडतो आणि मोठ्यांच्या विभागाला त्या मुलाचा इतिहास माहीत नसतो. अमेरिकेत १९९४ मध्ये बालपणीच्या कॅन्सरमधून वाचलेल्यांचा मोठा अभ्यास सुरू झाला, आणि त्यातून पुढं हेच दिसलं, की धोका वय वाढेल तसा वाढतो. एसीटी क्लिनिक तो अभ्यास सुरू होण्याच्या तीन वर्षं आधीच सुरू झालेलं होतं. पुढं २०१६ पासून देशातल्या अनेक बालकर्करोग केंद्रांनी मिळून बऱ्या झालेल्या मुलांची एकत्र नोंद ठेवण्याचा अभ्यास हाती घेतला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलं आहे की २०३० पर्यंत जगातली कॅन्सर झालेली किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत. ती वाचली तर त्यांना आयुष्यभर बघणारी माणसंही त्याच प्रमाणात लागतील.

या वाटचालीतली दुखरी जागा अंतराची आहे. क्लिनिक परळला आणि मुलं देशभर. उपचार चालू असताना आईबाप जमीन गहाण टाकून जातात. मूल हसतंखेळतं झाल्यावर फक्त तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून कोण जाणार? पहिल्या वर्षी जातात, दुसऱ्या वर्षी जातात, मग धान कापणीत तारीख हुकते आणि पुढं जाणं सुटतंच. आमच्या मुलाचं हेच झालं होतं. कोणाचा दोष काढावा असं यात काही नाही.

पण जाणं वाटतं तितकं अशक्य नाही, आणि ते गावोगाव माहीत व्हावं म्हणून इथे लिहितो. रेल्वेची कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत उपचारापुरती नाही, ठरावीक मुदतीनं होणाऱ्या तपासणीसाठीही आहे. स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये रुग्णाला पूर्ण, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा नमुना तिकीट खिडकीवर दाखवावा लागतो. उतरायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाला येणाऱ्यांसाठी नाममात्र पैशांत. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावानं चालणारं छप्पर मुंबईत आपल्या माणसांच्या डोक्यावर असावं, हे पहिल्यांदा त्या धर्मशाळेच्या दारात उभा राहिलो तेव्हा मला फार जाणवलं. अंगणात दोऱ्यांवर धुतलेली लुगडी, एका कोपऱ्यात स्टोव्हवर भाताचं पातेलं, आणि कानावर आपलीच बोली.

प्रत्येक तपासणीसाठी मुंबईच गाठायला हवी असंही नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा इथे मोठ्या वैद्यकीय शिक्षणाची सोय नव्हती. २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, केटीएस आणि बाई गंगाबाई ही रुग्णालयं त्याला जोडलेली. रक्तदाब, वजन, थायरॉइड, यकृताच्या तपासण्या, सोनोग्राफी यासाठी नागपूरलासुद्धा जावं लागू नये. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. ज्यांच्या नावानं ते आहे, ते तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला कॅन्सरनंच गेले. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट झालं. सुविधा आहेत. एसीटी क्लिनिककडून शिकायचं ते एवढंच की तपासायचं काय आणि कधी, हे सांगणारा एक कागद प्रत्येक बऱ्या झालेल्या माणसाच्या हातात हवा. कोणता कॅन्सर, कधी निदान, कोणती औषधं आणि लाल औषधाचा एकूण आकडा, शेक कुठे आणि किती, शस्त्रक्रिया कोणती, रक्त कधी चढवलं, पुढच्या तपासण्या कोणत्या. एका पानात बसतं.

आणि हा कागद फक्त मुलांना नको. आपल्या जिल्ह्यात तोंडाच्या कॅन्सरमधून उठलेली मोठी माणसं गावोगाव आहेत. जबड्याला शेक मिळाल्यावर तोंड हळूहळू उघडेनासं होतं, त्यासाठी रोजचा व्यायाम असतो, तो सहा महिन्यांनी सुटतो. लाळ आटते, दात किडतात. मग माणूस बाजाराच्या दिवशी दात उपटायला जातो, शेक मिळाल्याचं सांगत नाही, आणि ती जखम भरत नाही, जबड्याचं हाडच सडू लागतं. दात उपटण्याआधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं, ही एक ओळ त्या कागदावर असती तर कित्येकांचे जबडे वाचले असते. मानेला शेक मिळालेल्यांचा थायरॉइड मोठेपणीही मंदावतोच. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांचा हात सुजतो. त्या हाताला रोवणीच्या चिखलात जखम झाली तर संसर्ग लवकर पसरतो, म्हणून साधं खरचटलं तरी धुऊन औषध लावायचं असतं. आणि बरं झाल्यावर पुन्हा खर्रा सुरू करणारे. त्यांना दुसरी गाठ होण्याचा धोका मोठा. पण त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही, ती सवय सोडायला सोबत लागते. मोठ्या माणसांसाठी एसीटी क्लिनिकसारखं काही आपल्या जिल्ह्यात व्हावं, आठवड्यातून एक दिवस, एक खोली, एक नोंदवही. एवढ्यावर १९९१ मध्ये परळला सुरुवात झाली असेल, तर २०२६ मध्ये गोंदियात का होऊ नये?

सालेकसाच्या मुलाच्या फाईलचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. पानं सुटी करून उन्हात वाळवली. बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे दोन प्रती काढल्या. एक घरी, एक गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंकडे, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून त्याच्या बहिणीकडे, ती नागपूरला असते. मूळ फाईल नव्या जाड पिशवीत घातली. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. नऊ वर्षांनी तो पुन्हा परळला जायला निघाला, तेव्हा आई सोबत होती. विदर्भ एक्स्प्रेसच्या डब्यात बसल्यावर तिनं पोळ्यांचा डबा वर ठेवला आणि फाईल मांडीवर घेतली.

चार दिवसांनी दोघं परत आली. मी भेटायला गेलो तर मुलगा बांधाकडे गेला होता. आईनं पाणी दिलं, पिशवी आणली, आणि मला पहिल्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या पेननं लिहिलेली पुढची तारीख वाचायला लावली. ती पुढच्या वर्षीची होती. भिंतीवरच्या कालनिर्णयात ते वर्ष नव्हतंच. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "पेटीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा, गुरुजी. खडूनं नको, खिळ्यानं कोरा."